नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : हवाई अंतर नेमके किती, आणि प्रवासाला वेळ किती धरावा?

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार. माझे आई-वडील जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहेत आणि एप्रिलमध्ये परतणार आहेत. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. बाबा भूमापनाच्या कामातून निवृत्त झालेले असल्यामुळे आकडा जुळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि सध्या घरात एकही आकडा जुळत नाही.

पहिली अडचण अंतराची आहे. नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर एका संकेतस्थळावर १३,१०० दिसते, दुसऱ्यावर ८,१५०, तिसऱ्यावर ७,०८०. भरीस भर म्हणून दिल्लीहून तिकडे जाणाऱ्या विमानाने १५,३०० किलोमीटर अंतर कापले, अशी एक जुनी बातमी बाबांना सापडली. दिल्ली तर नागपूरपेक्षा अमेरिकेला जवळ असायला हवी, मग हे अंतर वाढले कसे, असे ते विचारतात.

दुसरी अडचण वेळेची आहे. आम्ही जे तिकीट पाहत आहोत त्यानुसार विमान दिल्लीहून गुरुवारी पहाटे ४ वाजता सुटते आणि सॅन फ्रान्सिस्कोला गुरुवारीच सकाळी ६.३० वाजता पोहोचते. एप्रिलमधले परतीचे विमान तिथून रविवारी सकाळी १० वाजता निघून दिल्लीला सोमवारी दुपारी ३ वाजता उतरते. म्हणजे घड्याळाप्रमाणे जाताना अडीच तास आणि येताना २९ तास. जाता-येताच्या मोजणीची सरासरी काढायची आपली जुनी पद्धत वापरून बाबांनी पावणेसोळा तास हे उत्तर काढले आहे. ते बरोबर मानावे का?

शेवटचा प्रश्न असा की दिल्लीमार्गे जावे, मुंबईमार्गे जावे की दोहामार्गे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सोनेगावकर

वेळेचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळावरची स्थानिक वेळ असते. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान १६ तास उडाले, तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ८ वाजलेले असतील; त्यातून साडेतेरा तास वजा केले की सकाळचे ६.३० उरतात आणि वारही तोच राहतो.

बाबांची सरासरीची पद्धत योग्यच आहे, फक्त ती दोन्ही खेपांना वेळेतला फरक सारखा असेल तरच चालते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. त्यामुळे एप्रिलमध्ये हा फरक साडेबारा तासांचा असेल. तिथे रविवारी सकाळचे १० म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्रीचे साडेदहा. तिथून सोमवारी दुपारी ३ पर्यंत साडेसोळा तास होतात. जाताना १६ आणि येताना साडेसोळा, म्हणजे खरी सरासरी सव्वासोळा तास आली. बाबांच्या उत्तरात जो अर्धा तास कमी पडतो, तो त्या एका तासाच्या बदलाचा निम्मा भाग आहे. त्यांना एवढे सांगा, ते लगेच पडताळून पाहतील.

भूगोल_वर्धा

अंतराच्या आकड्यांविषयी लिहिते. आपण दिलेल्या पहिल्या तीन आकड्यांत कोणतीही विसंगती नाही. ते एकच अंतर तीन एककांत मांडलेले आहे. सुमारे १३,१०० किलोमीटर म्हणजे सुमारे ८,१५० मैल, आणि तेच सुमारे ७,०८० सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमानवाहतुकीत आजही तोच चालतो. पुष्कळ संकेतस्थळे आकडा ठळक छापतात आणि एकक बारीक अक्षरांत लिहितात, त्यामुळे हा घोळ होतो.

आता हे १३,१०० किलोमीटर मोजलेले कसे असते, ते समजून घेणे बाबांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आपल्या नागपुरातल्या झिरो माइल या अंतरदर्शक खांबावर जबलपूरचे अंतर १७० मैल कोरलेले आहे. ते रस्त्याचे अंतर आहे. सरळ रेषेत मोजले तर जबलपूर त्यापेक्षा वीसेक मैलांनी जवळ भरते. हवाई अंतर याच्या उलट असते. त्यात वळणे, डोंगर, हद्दी यांतले काहीही धरलेले नसते. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी जी सर्वांत आखूड रेषा असते, तेवढेच ते अंतर. या रेषेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. गोलावर काढलेले ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते ते बृहद्वृत्त, आणि त्याचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असतो. म्हणून पृथ्वीवरची कोणतीही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत.

घरात पृथ्वीगोल असेल तर नागपूरवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर टेकवावे आणि दोरा ताणावा. तो पॅसिफिकच्या मधोमध जात नाही, युरोपवरूनही जात नाही. तो नागपूरहून जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, अगदी थोडा पूर्वेला कललेला असतो. नेपाळचा पश्चिम भाग, तिबेट, शिनजियांग आणि सायबेरिया ओलांडून तो सुमारे ७२ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, पूर्व सायबेरियन समुद्रावर पोहोचतो आणि अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियाकडे उतरतो. भिंतीवरच्या नकाशात हे दिसत नाही, कारण मर्केटरने १५६९ मध्ये दिलेल्या पद्धतीत ध्रुवाकडचे प्रदेश ताणून रुंद केलेले असतात. दर्यावर्दींना एकच दिशा धरून जाता यावे, हा त्याचा हेतू होता आणि तो साधलाही. अंतर मोजण्यासाठी मात्र तो नकाशा वापरू नये. शाळेच्या भिंतींवर वर्षानुवर्षे तोच एक नकाशा टांगलेला राहतो, याची मला नेहमी खंत वाटते.

याच दोऱ्याने आपल्या शेवटच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. नागपूर ते दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर, बेरीज १३,२३५. म्हणजे दिल्लीला उतरून गेल्यामुळे थेट अंतरात जेमतेम १३५ किलोमीटरची भर पडते, कारण दिल्ली जवळपास वाटेवरच आहे. मुंबईमार्गे ही बेरीज सुमारे १४,१९० होते. दोहामार्गे आधी सुमारे २,८४० किलोमीटर पश्चिमेकडे जावे लागते आणि तिथून पुढे सुमारे १३,००० किलोमीटर उरतात, म्हणजे एकूण सुमारे १५,८४०. दोह्याला पोहोचल्यावरही पुढचे अंतर नागपूरहून जेवढे होते जवळपास तेवढेच राहते, ही गोष्ट नकाशा पाहून कोणाला पटणार नाही.

उड्डाणनियोजक

वरील विवेचन अचूक आहे. मात्र विमान त्या दोऱ्यावरून उडत नाही, आणि बाबांच्या १५,३०० किलोमीटरच्या बातमीचे मूळ तिथेच आहे. माझा रोजचा संबंध मार्ग आखण्याशी येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ती बातमी ऑक्टोबर २०१६ ची आहे. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच बोइंग ७७७-२०० एलआर जातीचे विमान पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले. अंतर वाढले आणि वेळ कमी झाला, असे हे प्रकरण आहे. १५,३०० ला साडेचौदाने भागले तर जमिनीवरून मोजलेला सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो, आणि त्या विमानाचा हवेतला स्वतःचा वेग तर ताशी ९०० च्या आसपासच असतो. उरलेला वेग वाऱ्याने दिला.

सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे या दोहोंमुळे ते तयार होतात. तफावत हिवाळ्यात जास्त असते, म्हणून जानेवारीत हे वारे सर्वांत जोरात असतात. जपानजवळ कधीकधी त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. पूर्वेकडे जाणारे विमान या पट्ट्यात शिरण्याचा प्रयत्न करते आणि पश्चिमेकडे जाणारे त्याला चुकवते. म्हणूनच त्या काळी दिल्लीहून निघालेले विमान जाताना पॅसिफिकवरून आणि परतताना अटलांटिकवरून, म्हणजे दोन्ही वेळा पूर्वेकडेच जात असे आणि एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करत असे. मार्ग रोज नव्याने आखला जातो, त्यामुळे काल गेलेले विमान आणि आज जाणारे विमान यांच्या वाटांत शेकडो किलोमीटरचा फरक पडू शकतो.

दुसरे कारण जमिनीचे आहे. दोरा तिबेटवरून जातो, पण प्रवासी विमाने शक्यतो तिबेटवरून जात नाहीत. विमानातला हवेचा दाब अचानक घटला तर वैमानिकाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, कारण तिथे माणसाला प्राणवायूच्या मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे ४,५०० मीटर आहे. म्हणजे खाली यायला जागाच नाही. म्हणून मार्ग बाजूने वळवावा लागतो.

तिसरे कारण परवानगीचे. मार्च २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाच्या हवाई हद्दीतून जाता येत नाही. एअर इंडियाला जाता येत होते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदानला उतरवावे लागले आणि प्रवाशांना पुढे नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी मगदान कुठे आहे, हे पुष्कळांनी पहिल्यांदा नकाशात शोधले. वर्ध्याच्या ताईंचा दोरा त्याच बाजूने जातो. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या, तसेच तिकडून परतणाऱ्या विमानांचे मार्ग लांबले. पूर्वेकडच्या वाटेला त्या बंदीची थेट झळ लागत नाही.

बाबांना अंदाजाचे सूत्र हवे असेल तर हवाई अंतराला ९०० ने भागावे आणि उड्डाण-अवतरणासाठी अर्धा तास मिळवावा. दिल्लीहून १२,३८० ला ९०० ने भागले की पावणेचौदा तास येतात, अर्धा तास मिळवून सव्वाचौदा. वेळापत्रकात जे सोळाच्या आसपास तास दिसतात, त्यांतला जास्तीचा काळ वळसे, हंगामाप्रमाणे बदलणारा वारा आणि धावपट्टीपर्यंतची रांग यांचा आहे.

जुना_महालकर

अवांतर आहे, पण अंतराचाच विषय निघाला म्हणून लिहितो. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही चारही शहरे नागपूरपासून साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात येतात. १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपालसेवा याच हिशेबावर उभी होती. चारही शहरांतून रात्री टपाल घेऊन डाकोटा विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. आज त्याच सोनेगावहून अमेरिकेला जायचे म्हटले की आधी दिल्ली, मुंबई नाहीतर दोहा गाठावे लागते.

धरमपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरासरीतला अर्धा तास ऐकल्यावर बाबांनी वही काढली आणि तो स्वतः पडताळून पाहिला. दोऱ्याचा प्रयोगही करून झाला. आता मार्ग निवडण्याबाबत कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितले तर बरे होईल. त्याशिवाय आईचा एक प्रश्न आहे. ज्या गुरुवारचे तिकीट आम्ही पाहत आहोत, त्याच दिवशी पंचांगात संकष्टी आहे. तिने आजवर एकही संकष्टी चुकवलेली नाही. चंद्रोदय कुठला धरायचा, असे ती विचारते, आणि आम्हा कोणालाच उत्तर देता आले नाही.

सोनेगावकर

मार्गाविषयी माझे स्पष्ट मत असे आहे की ज्येष्ठांसाठी किलोमीटर पाहू नयेत, मधला मुक्काम पाहावा. नागपूर–दिल्ली उड्डाण पावणेदोन तासांचे असते, नागपूर–दोहा सव्वाचार तासांच्या आसपास. पुढचा टप्पा दोन्हीकडून साधारण सोळा तासांचाच आहे. म्हणजे हवेतला फरक अडीच तासांचा झाला. पण मध्ये तीन तास थांबायचे की अकरा तास, यावर एकूण प्रवास कितीतरी जास्त बदलतो.

जानेवारीत दिल्लीला रात्री आणि पहाटे दाट धुके असते, हे मात्र विसरू नये. पहाटे ४ चे विमान पकडण्यासाठी नागपूरहून रात्री उशिराचे विमान घेऊ नका. संध्याकाळी निघून दिल्लीला रात्री नऊ-दहापर्यंत पोहोचणारे घ्या. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या. तसे असले की पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे सुटले तर पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते, आणि सामानही सहसा नागपूरहूनच शेवटपर्यंत नोंदवले जाते. वेगवेगळी तिकिटे काढून वाचवलेले पैसे एका धुक्याच्या रात्रीत जातात. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा; काका-काकूंना चालता येत असले तरी नोंदवा, कारण दिल्लीत आणि सॅन फ्रान्सिस्कोत चालावे बरेच लागते.

भूगोल_वर्धा

काकूंचा प्रश्न मला सर्वांत आवडला. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनावरून ठरते. हे कोनांतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. त्यामुळे चतुर्थी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण सगळ्या जगात एकच असतो. चंद्रोदय मात्र स्थानिक असतो, आणि संकष्टी त्या ठिकाणी चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी आहे की नाही यावर ठरते. सॅन फ्रान्सिस्कोतला चंद्रोदय आपल्या चंद्रोदयाशी जुळत नाही, बऱ्याच तासांनी मागेपुढे होतो. म्हणून आपल्या पंचांगातली गुरुवारची संकष्टी तिथे गुरुवारीही येऊ शकते किंवा बुधवारीही.

या प्रवासात आणखी एक मौज आहे. दिल्लीहून पहाटे ४ ला निघून पूर्वेकडे गेल्यावर काही तासांतच सूर्य उगवेल, हिवाळ्याचा आखूड दिवस भराभर सरेल, पॅसिफिकवर रात्र होईल आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे वार एकाने मागे जाईल. विमान उतरेल तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत सूर्य उगवलेला नसेल आणि गुरुवारच असेल. म्हणजे काका-काकूंना गुरुवारचे दोन सूर्योदय मिळतील. चतुर्थीचा चंद्र साधारणपणे रात्री नऊ-दहाच्या सुमारास उगवतो. त्या हिशेबाने तो दिल्ली सोडल्यावर अंदाजे दहा-अकरा तासांनी विमानाच्या खिडकीतूनच दिसेल. तेव्हा भारतात गुरुवारची दुपार असेल. त्या क्षणी चतुर्थी लागलेली असेल की नाही, हे पंचांगातील तिथीच्या प्रारंभाच्या वेळेवरून पाहता येईल. लागलेली असेल तर तिथेच नमस्कार करून उपास सोडायला गणिताची काही हरकत नाही. प्रवासात व्रताला सूट असते, असेही अनेक घरांत मानतात; ते आपल्या गुरुजींना विचारावे.

उपासाचे पदार्थ बरोबर द्यायचे तर शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, साबुदाण्याचा चिवडा असे कोरडे द्यावेत. संत्री दिलीत तर ती विमानातच संपवायला सांगा, कारण अमेरिकेत उतरताना ताजी फळे आत नेऊ देत नाहीत आणि बरोबरचे सर्व खाद्यपदार्थ तिथे जाहीर करावे लागतात. संत्राबर्फीही जाहीर करावी.